कावडीची कमान

मुलांनो, जरा डोळे मिटून घ्या आणि माझ्याबरोबर एका गडावर चला. गडाचे नाव निसणगड. तो शोधायला मात्र जाऊ नका, कारण तो माझ्या गोष्टीत आहे, नकाशात नाही. वैशाखातली पहाट आहे. पूर्वेच्या डोंगररांगेमागे उजेड फुटू लागला आहे, तटाच्या फटींत वाळलेले गवत वाऱ्याने खसखसते आहे, आणि खाली दरीत, जिथे एरवी पहाटे धुके साचते, तिथे आज शत्रूच्या शेकोट्यांचा धूर तेवढा रेंगाळतो आहे.

आता कान द्या. पहाटेच्या गडावर किती आवाज असतात. घोडी फुरफुरतात, जाती घरघरतात, पाण्याच्या टाक्यावर घागरी एकमेकींवर आपटतात. इथे काहीच ऐकू येत नाही. कुणी बोलतही नाही, कारण बोलायला जीभ लागते आणि जीभ टाळूला चिकटून बसली आहे. तुमचीही तशीच बसली आहे असे समजा. ओठ चाटून पाहा. ओले होत नाहीत ना? असा तो गड, आणि त्या गडावर तुमच्याच वयाची एक मुलगी, राही.

राहीचा बाप सटवाजी गडाचा कमानगर होता. कमान म्हणजे धनुष्य, आणि ते घडवणारा तो कमानगर. सटवाजी शिंगाच्या कमानी करी. लाकडाच्या पट्टीला आतून म्हशीचे शिंग, बाहेरून जनावराच्या स्नायूची तात, आणि दोन्ही सरसाने घट्ट चिकटवलेली. अशा कमानीतून सुटलेला बाण दोन शेते ओलांडून जाई. वेढ्याच्या पहिल्याच हल्ल्यात असाच एक बाण वेढा घालणाऱ्या तुळाजीरावांच्या मेहुण्याला लागला आणि तो पडला. हे तुळाजीराव काही परके नव्हते. जहागिरीच्या थोरल्या पातीचे, म्हणजे थोरल्या शाखेचे, धनी तेच. गड होता धाकट्या पातीचा, आणि धाकटे धनी अजून आजोळी अक्षरे गिरवत होते म्हणून त्यांच्या नावाने किल्लेदार सिदोजीराव तो राखत होते. भाऊबंदकीच ती. मेहुणा पडला त्या दिवशी तुळाजीरावांनी भर छावणीत शपथ घेतली, की गड हाती येईल तेव्हा बाकी सगळ्यांना सोडीन, पण त्या कमानगराचा कडेलोट करीन. शपथ गडावर सगळ्यांच्या कानावर आली होती. राहीच्याही.

आणि मग एके दुपारी गडाचा दारूखाना, म्हणजे तोफा-बंदुकांच्या दारूचे कोठार, उडाला. कसा उडाला ते कुणालाच कळले नाही. शेजारून जाणाऱ्या सटवाजीचे डोळे आणि दोन्ही हात भाजले. धक्क्याने खडकात खोदलेल्या टाक्याला चीर पडली, आणि लोक जखमींच्या मागे धावत असताना सगळे पाणी गुपचूप कड्यातून झिरपून गेले.

त्या पहाटे किल्लेदार सटवाजीच्या खाटेशी आले. मागे कारखानीस मुरारजी होते. गडावरचे धान्य, दारू आणि शिलेखान्यातली शस्त्रे ज्याच्या ताब्यात आणि त्यांच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, तो कारखानीस. आणि दाराशी बाळोजी उभा होता, गडाचा म्हातारा तिरंदाज.

"सटवाजी," किल्लेदार म्हणाले, "तुमचे मेव्हणे गोमाजी नाईक समोरच्या सुळक्यावर येऊन पोचलेत. कोळ्यांची माणसं आहेत, दोर आहेत, पाण्यानं भरलेल्या पखाली आहेत. दोर एकदा आपल्या बुरुजाला बांधला की त्यावरून पखाली ओढून घेता येतील. पण मधे दरी आहे, आणि दरीच्या तळाशी तुळाजीरावांच्या चौक्या आहेत."

सटवाजीच्या डोळ्यांवर पट्टी होती, हातांवर फडकी गुंडाळलेली. तापाने त्याचा चेहरा तांबडा झाला होता. "नाईकांनी तिकडून बाण टाकून पाहिले का, जी?"

"पाहिले. सुळका आपल्यापेक्षा बराच खाली आहे, वाराही त्यांच्या तोंडावर. दोरा बांधलेला बाण कड्याच्या निम्म्यावर येऊन आपटतो. आम्ही गोफणीच्या दगडाला दोरा बांधला, तर हिसक्यानं दोरा तुटतो. वरून बाण गेला तर जाईल. पण शिलेखान्यातल्या तुमच्या सगळ्या कमानी सुटून पडल्या आहेत." त्यांनी त्यातल्या दोन राहीच्या पुढ्यात ठेवल्या.

"गेल्या पावसाळ्यात पेट्यांत मुरलेली ओल, सरकार," मुरारजी हळहळत म्हणाले. "मी तेव्हाच म्हणालो होतो की पेट्या जमिनीवर ठेवू नयेत. आता बोलून काय उपयोग. माझी विनंती एवढीच, की माणसं मरायच्या आत पांढरं निशाण लावावं. एका जिवासाठी किती जीव..." आणि त्यांनी खाटेकडे पाहून वाक्य तसेच सोडले.

राही खाटेच्या पायथ्याशी बसली होती. तो एक जीव कुणाचा, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"लाकडाची कमान होईल," सटवाजी म्हणाला. "मला तिची सवय नाही, पण होईल. मात्र लाकूड धामणीचं पाहिजे. धामण वाकते, मोडत नाही."

"गडावर धामण?" बाळोजी दारातून म्हणाला. "गडावर तुळस सोडून हिरवं काही उरलं असेल तर ती किल्लेदारसाहेबांची पगडी."

किल्लेदारांनी आपल्या हिरव्या पगडीला नकळत हात लावला.

"कावडी," राही म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. पाणी वाहायच्या कावडीचा दांडा धामणीचाच असतो, दोन्हीकडे घागरी लटकल्या की तो चालीबरोबर लवतो आणि खांदा वाचवतो. पाणक्याच्या घरात तसे दोन दांडे होते. बाळोजी गेला तेव्हा पाणक्याने ते काढून दिले. टाके आटल्यापासून ते भिंतीला टेकलेलेच होते.

एक दांडा सरळ होता, जणू कमानीसाठीच वाढला होता. दुसरा म्हणजे पाहायलाच नको. एका टोकाला फाटला म्हणून पाणक्याने तो कापून आखूड केला होता. त्यामुळे खांद्याने झिजलेली जागा मधोमध न राहता एका बाजूला आली होती, आणि दुसऱ्या बाजूला मुठीएवढी गाठ होती. राहीने तो कोपऱ्यात ठेवला आणि सरळ दांडा मांडीवर घेतला.

"माझे हात गेले," सटवाजी म्हणाला. "आज तुझे हात माझे. मी सांगतो तसं करायचं, कमी नाही, जास्त नाही. पाठीला शिवायचं नाही. काय काढायचं ते पोटाकडून."

"हो, आबा."

वाकसाने तिने टोके निमुळती केली, मग सुरीने तासायला बसली. सटवाजी डोळे बांधलेला पडून नुसता आवाज ऐकत होता. "आता सुरी तिरपी झाली," तो म्हणे. "आता घाई झाली." राही आवाजाप्रमाणे हात बदली. काम सुरेख चालले होते. ऊन डोक्यावर आले तेव्हा कमान दिसायला लागली, बाळोजीने तिला अंबाडीची दोरी चढवली आणि हलक्या हाताने ओढून पाहिली.

आधी अगदी बारीक आवाज आला, नखाने काडी मोडावी तेवढा. मग कमानीच्या बाहेरच्या अंगावरून एक लांब ढलपी उठली आणि कमान बाळोजीच्या हातात दोन तुकडे होऊन लोंबू लागली.



"कुठून फुटली?" सटवाजीने विचारले.

"पोटाकडून, आबा. मी तासलं होतं तिथूनच."

"पोट कधी फुटत नाही. वाकताना पोट दबतं, ताण पाठीवर येतो. फुटते ती पाठ. तुकडा माझ्या गालाला लाव. आता दाखव मला, पोट कुठलं?"

राहीने तासलेली बाजू त्याच्या गालाला लावली. सटवाजीने मान हळूच वळवून लाकडाची गोलाई चाचपली.

"ही पाठ आहे, राही."

"पण मामा हिलाच पोट म्हणतात," ती म्हणाली. "कामठी ओढली की पुढं फुगते ती बाजू. गरोदर बाईसारखी. वाडीवरची सगळी पोरं हिलाच पोट म्हणतात."

मुलांनो, चूक कुठे झाली ते तुमच्या ध्यानात आले असेल. कमानगर आपल्या अंगाकडच्या बाजूला पोट म्हणत, कारण शिंग तिथे बसवतात. कोळी म्हणत फुगणाऱ्या बाजूला. राहीची आई कोळ्यांची होती, आणि आई गेल्यावर प्रत्येक पावसाळा राहीने मामाच्या वाडीवर काढला होता. एका घरातले हे दोन शब्द आजवर कधी समोरासमोर आले नव्हते. आज आले, आणि गडावरचे चांगले लाकूड गेले.

"तुझ्या आईशी इतकी वर्षं संसार केला," सटवाजी म्हणाला, "पण हे विचारायचं राहून गेलं."

बाळोजी तुकडे घेऊन किल्लेदारांकडे गेला, आणि थोड्या वेळाने किल्लेदार स्वतः आले. त्यांचे ओठ फुटून रक्त वाळले होते. "तटाखाली आसऱ्याला आलेल्या दोन बायका आज तहानेनं गेल्या," ते म्हणाले. "सटवाजी, मी या गडाचं मीठ खाल्लं आहे, पण ही माणसं माझ्या भरवशावर वर आली. सूर्य पश्चिमेच्या खिंडीत टेकेपर्यंत मी थांबतो. मग निशाण लावावं लागेल. माझ्यावर राग धरू नका."

"राग कसला, जी," सटवाजी म्हणाला. "तुमच्या जागी मीही तेच केलं असतं."

किल्लेदार गेले. राही गुडघ्यांत डोके घालून बसली. रडायला डोळ्यांत पाणीही येत नव्हते.

"दुसरा दांडा आण," सटवाजी म्हणाला.

"तो वाकडा आहे, आबा. एकीकडं झिजलाय, एकीकडं गाठ आहे."

"मग आपल्याला त्याच्याशी जास्त बोलावं लागेल. ऊठ. आणि आता पोट-पाठ हे शब्दच नकोत. एक बाजू तुझ्याकडची, एक बाजू तुळाजीरावांकडची. तुळाजीरावांच्या बाजूला बोट लावायचं नाही."

राहीला हसू आले, आणि हसण्याने ओठ फुटला. तिने दांडा आणला. खांद्याने झिजलेली बाजू आपल्याकडे वळवली, सालीखालची अखंड बाजू पलीकडे ठेवली आणि बापाला सांगितले. त्याने मान हलवली.

ज्याने कधी कमान केली नाही त्याला वाटते की कमान म्हणजे वाकवलेले लाकूड. तसे नाही. कमानीचे दोन हात असतात, मुठीच्या वरचा आणि खालचा, आणि ते दोघे सारखे वाकले पाहिजेत, मुठीपासून टोकापर्यंत, कुठे कोन न येता. एका जागी जास्त वाकले तर सगळा ताण तिथे जमतो आणि कमान तिथेच मोडते. सरळ लाकडात हे सोपे. राहीच्या हातातल्या दांड्यात एक हात झिजून दुबळा झालेला, दुसरा गाठीने आडमुठा.

"भिंतीत खुंटी आहे ना? तिच्यावर मूठ टेकव. दोरी पायानं खाली दाब, हळू. भिंतीवर सावली पडेल. काय दिसतं?"

दुपारचे ऊन दारातून आत आले होते आणि चुन्याच्या भिंतीवर कमानीची काळी रेघ उमटली होती. राहीने दोरीवर पाय ठेवून ती दाबली, हातात कोळसा घेऊन कमानीच्या एका हाताची सावली भिंतीवर गिरवली, मग कमान उलटी करून दुसऱ्या हाताची सावली त्याच रेघेवर पाडली. दोन्ही रेघा जुळत नव्हत्या. एक धनुकलीसारखी वळलेली, दुसरी काठीसारखी ताठ.

"झिजलेला हात फार वाकतो, आबा. गाठीचा वाकतच नाही."

"जो वाकतो त्याला शिवू नकोस. त्याच्यात भर घालता येत नाही. जो ताठ आहे त्याच्यातून घे. दुबळ्याला बळ देणं आपल्या हातात नाही, पण बळकटाला त्याच्या जोडीला आणणं आहे."

राहीने घेतले. दांड्याच्या ताठ हातावरून सुरीच्या धारेने धुळीसारखा भुसा निघू लागला. दहा-वीस वेळा खरवडायचे, खुंटीवर टांगायचे, सावली पाहायची, कोळशाची रेघ पुसून नवी काढायची. तिचा हात सुजला. एकदा तिला वाटले की आता खूप काढावे, सूर्य उतरतो आहे, आणि सटवाजी लगेच म्हणाला, "सुरी ओरडली. हलकी धर." मग त्याचे बोलणे तुटक झाले. मग तो भलतेच बोलू लागला, राहीच्या आईला हाक मारून दाराशी पाऊस आला आहे का ते विचारू लागला. आणि मग तो गप्प झाला.

"आबा?"

छाती हलत होती. पण उत्तर आले नाही.

राही एकटी राहिली. सावली आता जवळजवळ जुळत होती, फक्त गाठीपाशी रेघ ताठ राहत होती, आणि गाठीवर सुरी चालवायची की नाही हे बापाने सांगितले नव्हते. तिने गाठीवर अंगठा फिरवला. गाठीभोवती लाकडाचे तंतू वळसा घेऊन गेले होते, पाण्याने दगडाला वळसा घालावा तसे. तिथे सुरी लागली तर तंतू कापले जातील. सकाळी तंतूच कापले गेले होते. राहीने सुरी बाजूला घेतली. गाठीला तिची जाड जागा राहू दिली, तिच्या अलीकडून आणि पलीकडून थोडेथोडे काढले, आणि प्रत्येक वेळी दोरी आपल्याच हाताने, आपल्या छातीपर्यंत ओढून पाहिली. त्यापुढे ओढायची तिची हिंमत झाली नाही.

खिंडीच्या वर सूर्य कासराभर उरला होता तेव्हा ती कमान घेऊन घारीच्या बुरुजाकडे निघाली.

बुरुजावर किल्लेदार होते, शिबंदीचे, म्हणजे गडाच्या फौजेचे, लोक होते, आणि एका काठीला बांधलेले पांढरे वस्त्र तयार होते. किल्लेदारांच्या बायकोने आपल्या शेल्याचे रेशीम उसवून लांबच लांब धागा काढला होता आणि तो गुंता न होता सुटावा म्हणून चादरीवर सैल वळशांनी पसरला होता. बाळोजीने कमान हातात घेतली, डोळ्यासमोर धरली आणि हळूच शीळ घातली.

"कुरूप आहे," तो म्हणाला. "पण जिवंत आहे."

"थांबा," कारखानीस मुरारजी पुढे झाले. "कोणतंही शस्त्र परीक्षा झाल्यावाचून कामाला लावू नये, हा या गडाचा शिरस्ता आहे. बाळोजी, कमान कानापर्यंत ओढून दाखवा. सकाळसारखं व्हायचं असेल तर आत्ताच होऊ दे."

बाळोजीने किल्लेदारांकडे पाहिले. शिरस्ता खरा होता. किल्लेदारांनी मान हलवली. बाळोजीने दोरीत बोटे घातली, आणि राहीने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला.

"कानापर्यंत नाही, बाळोजीकाका. ती माझ्या छातीपर्यंतच वाकते. त्यापुढं मी तिला वाकवलेलं नाही. तुमचा हात लांब आहे, तुम्ही ओढलीत तर मोडेल."

"मग ही कमान की खेळणं?" मुरारजी म्हणाले. "सरकार, पोरीच्या हट्टापायी वेळ जातो आहे. परीक्षा तरी घ्या, नाहीतर निशाण तरी लावा."

राही मुरारजींकडे पाहत राहिली. सकाळपासून तिच्या डोक्यात काहीतरी सलत होते आणि ते आत्ता वर आले. आबांनी तात कशी भिजवायची ते तिला कितीदा दाखवले होते.

"किल्लेदारसाहेब," ती म्हणाली, "मला एक विचारायचं आहे. पावसाळ्याच्या ओलीनं तात फुगते, मऊ होते. शिलेखान्यातल्या कमानींची तात मी सकाळी पाहिली. ती फुगलेली नव्हती. आखडून वेटोळी झाली होती, केस जाळल्यावर होतात तशी. तात तशी फक्त उकळत्या पाण्यात होते. त्या कमानींवर कुणीतरी उकळतं पाणी ओतलं आहे."

वारा वाहत होता. शिबंदीतला एक जण हळू आवाजात म्हणाला, "पाणी?" आणि तो शब्द तोंडातोंडी फिरला. ज्या गडावर ओंजळभर पाण्यासाठी माणसे भिंती चाटत होती, तिथे कुणीतरी पेटीभर कमानींवर ते उकळून ओतले होते.

किल्लेदारांची नजर मुरारजींच्या कमरेकडे गेली, जिथे शिलेखान्याची एकुलती एक किल्ली लटकत होती. मुरारजींचा हात किल्लीवर गेला, आणि तो हात तिथे गेला हेच पुरे झाले. ते मागे सरले, तोच दोघांनी त्यांना धरले. थोड्याच वेळात सगळे बाहेर आले. गड मिळाल्यावर मुरारजींना किल्लेदारी द्यायचे तुळाजीरावांनी कबूल केले होते. दारूखान्यातली ठिणगीही मुरारजींचीच होती.

"ते नंतर," किल्लेदार कोरड्या आवाजात म्हणाले. "बाण सोडा."

"कोण सोडणार?" बाळोजी म्हणाला. "माझा हात लांब आहे, हे आत्ताच ऐकलं मी." आणि त्याने कमान राहीच्या हातात दिली.

बुरुजाच्या टोकाला तट पडलेला होता. तिथे उभे राहिल्यावाचून दरीपलीकडे नेम धरता येत नव्हता, आणि तिथे उभे राहिलेले माणूस खालच्या चौक्यांतल्या बंदूकवाल्यांना आभाळावर काढलेल्या चित्रासारखे दिसे. कालपासून तिथे दोघे पडले होते. राही तिथे उभी राहिली. बाळोजी तिच्या मागे गुडघ्यावर बसला आणि त्याने तिच्या परकराचे काठ घट्ट धरून ठेवले, वाऱ्याने तोल जाऊ नये म्हणून.

"वारा तुझ्या पाठीशी आहे," तो म्हणाला. "सुळक्याच्या थोडा वर नेम धर. ओढताना श्वास घे, सोडताना घेऊ नकोस."

खालून पहिली बंदूक कडाडली. राहीच्या पायाशी दगडाचे टवके उडाले. तिने दोरी ओढली, छातीपर्यंत, आणि सोडली. बाण गेला, धागा सळसळत त्याच्यामागे गेला, आणि मधेच एक वळसा दुसऱ्यात अडकला. बाण हवेत थबकल्यासारखा झाला आणि दरीत पडला.

किल्लेदारांच्या बायकोने गुडघ्यांवर बसून धागा ओढून घेतला, सोडवला, पुन्हा पसरला. वळसे सारखे पडले. सूर्याची कड खिंडीला लागली होती.

दुसऱ्या बाणाला राहीने दोरी ओढली तेव्हा खालून दोन बंदुका एकदम झाडल्या गेल्या, आणि एक गोळी तिच्या बाहीतून गेली. तिला ते नंतर कळले. तिला त्या क्षणी फक्त कमान कळत होती, दुबळा हात आणि आडमुठा हात, दोघेही सारखे वाकत येणारे. तिने सोडले.

पलीकडे गोमाजी नाईक उभे होते. बाण त्यांच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या निवडुंगात रुतला, आणि रेशमाचा धागा उन्हात एकदा चमकून त्यांच्या खांद्यावर पडला. नाईकांनी तो अलगद उचलला, जसा साप उचलावा तसा. मग धाग्याला सुतळी बांधली गेली, सुतळीला दोर, दोराला जाडा दोर. अंधार पडायच्या आत पहिली पखाल दरीवरून हेलकावे खात बुरुजाला टेकली.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. त्याच दोरावरून कोळी वर आले, गड भांडत राहिला आणि पावसाळा तोंडावर येताच तुळाजीराव वेढा उठवून निघून गेले. सटवाजीचे डोळे परत आले नाहीत, पण हात बरे झाले, आणि पुढे कितीतरी वर्षे तो लाकडाला गाल लावून कमानी पारखत असे. कावडीची कमान त्या संध्याकाळीच गाठीपाशी तडकली, ती पुन्हा ओढली गेली नाही.

पण मला तुम्हाला सांगायचे आहे ते त्या संध्याकाळचे.

पखालीचे तोंड सुटले तेव्हा किल्लेदारांनी पहिला वाडगा राहीच्या हातात दिला. सगळा गड रांगेत उभा होता आणि तिच्याकडे पाहत होता. तिने वाडगा ओठाला लावला नाही. तो दोन्ही हातांत धरून, एक थेंब न सांडता, ती खाटेशी गेली आणि आधी बोट बुडवून बापाचे ओठ ओले केले, मग थोडेथोडे पाजले. सटवाजी पाणी गिळू लागला. "पाऊस आला का?" त्याने विचारले. "आला, आबा," ती म्हणाली. त्याचे होऊन वाडग्यात तळाशी थोडे उरले.

ते घेऊन ती बाहेर आली. शिलेखान्याच्या दाराशी, खांबाला मुरारजी बांधलेले होते. त्यांची मान छातीवर पडली होती आणि सुजलेली जीभ दातांत दिसत होती. त्यांना थेंबही द्यायचा नाही, असा किल्लेदारांचा हुकूम होता. राही त्यांच्यासमोर उभी राहिली. ती बराच वेळ उभी होती. बापाच्या डोळ्यांवरची पट्टी तिला आठवली की दुसरे काही, ते तिने कधी कुणाला सांगितले नाही.

"इथं थांबू नकोस, पोरी," पहारेकरी म्हणाला. "हुकूम आहे."

"हुकूम शिबंदीला आहे, दादा," राही म्हणाली. "मी कुठं शिबंदीत आहे?"

पहारेकऱ्याने तोंड फिरवले आणि दरीकडे पाहू लागला. राहीने मुरारजींची हनुवटी वर उचलली, वाडगा त्यांच्या ओठांना लावला आणि तो पूर्ण रिकामा होईपर्यंत तसाच धरून ठेवला. मग तिने वाडगा परकराला पुसला, बुरुजाकडे परत गेली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.